नागपूरची लेक, आयोवाची लोकप्रतिनिधी

बदलीच्या नोकरीत माणूस नव्या गावी जातो तेव्हा आधी भाड्याचे घर शोधतो, मग मुलांची शाळा. स्वयंपाकाच्या गॅसची जोडणी होते, बँकेतील खाते नव्या शाखेत येते, दूधवाला आणि वाणी ओळखीचे होतात. मतदार यादीतील नाव मात्र बहुधा मूळ गावीच राहून जाते. पाच वर्षांची दहा होतात, मुले त्याच गावात लहानाची मोठी होतात, तरीही ‘आम्ही मूळचे इथले नाही’ हे वाक्य ओठांवरून जात नाही.

बंगळूरसारख्या महानगरात असे म्हणणारी माणसे लाखांनी आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार बंगळूर शहर जिल्ह्यात कन्नड ही मातृभाषा असलेल्यांचे प्रमाण निम्म्याहून कमी होते. तमिळ, तेलुगू, उर्दू, हिंदी आणि मराठी बोलणाऱ्यांनी हे शहर भरलेले आहे. मराठी माणूस तर येथे फार पूर्वीच आला. १६३८ साली विजापूरकरांनी हा मुलूख जिंकला व पुढे तो शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळाला. त्यालाही आता जवळजवळ चार शतके होत आली. येणे नवे नाही आणि राहणेही नवे नाही. ज्या गावाचे पाणी आपण पितो, त्या गावाच्या कारभारात आपला वाटा किती, हा प्रश्न मात्र दर पिढीपुढे नव्याने उभा राहतो.

या प्रश्नाचे एक विचार करण्याजोगे उत्तर नागपूरच्या एका कन्येच्या जीवनपटात सापडते. ती नागपूरहून निघाली आणि अमेरिकेच्या आयोवा राज्यातील एका छोट्या शहरात स्थिरावली. शाळेच्या मंडळापासून आरंभ करून ती राज्याच्या विधिमंडळात पोहोचली. तिचे नाव स्वाती दांडेकर.

मक्याच्या राज्यातील घर

स्वाती दांडेकर यांचा जन्म ६ मार्च १९५१ चा, नागपूरचा. नागपूर विद्यापीठातून रसायनशास्त्र व जीवशास्त्र हे विषय घेऊन त्यांनी विज्ञानाची पदवी मिळविली आणि त्यानंतर मुंबई विद्यापीठातून आहारशास्त्राची पदविका घेतली. १९७३ साली, विवाहानंतर, त्या अमेरिकेस गेल्या. सीडर रॅपिड्स या औद्योगिक शहराला लागून असलेल्या मॅरियन गावी त्यांनी घर केले.

भारतीयांच्या मनातील अमेरिका म्हणजे न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारती किंवा कॅलिफोर्नियाचा समुद्रकिनारा. आयोवा त्याहून अगदी निराळे आहे. अमेरिकेच्या मध्यभागी पसरलेले हे सपाट, शेतीप्रधान राज्य मका आणि वराहपालन यांत देशात अग्रेसर आहे. हिवाळ्यात पारा शून्याच्या बराच खाली उतरतो आणि क्षितिजापर्यंत केवळ बर्फ दिसते. २००० च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती आणि त्यांतील ९३ टक्क्यांहून अधिक लोक गोरे होते. मॅरियनची वस्ती त्या वेळी जेमतेम २६ हजारांची, म्हणजे आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. अशा ठिकाणी स्वयंपाकघरातील फोडणीपासून नावाच्या उच्चारापर्यंत सारेच परके ठरते. आपल्या माणसांच्या मोठ्या वस्तीचा आधार तेथे नसतो. शेजार हाच काय तो समाज, आणि त्यात मिसळल्यावाचून गत्यंतर नाही.

आरंभ शाळेपासून

अमेरिकेत शालेय शिक्षणाचा कारभार बव्हंशी स्थानिक लोकांच्या हाती असतो. बहुतेक शालेय जिल्ह्यांचे निर्वाचित मंडळ असते. शाळेचा मुख्य प्रशासक नेमणे, अंदाजपत्रक मंजूर करणे, शिक्षकांच्या वेतनाचे करार करणे, नवीन इमारतींचा निर्णय घेणे ही सर्व कामे हे मंडळ करते. शाळांचा बराचसा खर्च घरादारांवरील करातून भागतो. त्यामुळे मंडळाच्या प्रत्येक निर्णयाचा भार थेट शेजाऱ्याच्या खिशावर पडतो. आयोवात इमारतीसाठी कर्जरोखे काढायचे झाल्यास मतदारांचा कौल घ्यावा लागतो, आणि साध्या बहुमताने भागत नाही. ६० टक्के मते अनुकूल पडावी लागतात. या मंडळाच्या सदस्यांना वेतन नसते. निवडणुकीत पक्षाचे चिन्ह नसते. मतदानाला येणारेही थोडेच असतात.

पद मानाचे फारसे नाही, कष्टाचे मात्र पुष्कळ, असा हा व्यवहार. १९९६ साली स्वाती दांडेकर मॅरियन परिसरातील लिन-मार शालेय जिल्ह्याच्या मंडळावर निवडून आल्या आणि २००२ पर्यंत सहा वर्षे त्यांनी तेथे काम केले. अमेरिकेत पाऊल ठेवल्यापासून त्या पहिल्या निवडणुकीपर्यंत तेवीस वर्षे लोटली होती.

ही तेवीस वर्षे ध्यानात ठेवण्याजोगी आहेत. परक्या भूमीत आलेल्या माणसाला निवडणूक लढविण्याचा अधिकार कायद्याने मिळतो. पण मत मागण्याचा अधिकार त्याला स्वतः कमवावा लागतो, आणि तो शाळेच्या सभेतील, ग्रंथालयातील, रस्त्यावरच्या पुरात शेजाऱ्याच्या मदतीला धावण्याच्या छोट्या प्रसंगांतून हळूहळू साठतो. आवर्ती ठेवीसारखाच हा प्रकार आहे. दरमहा भरलेली रक्कम डोळ्यांत भरत नाही, मुदत पूर्ण झाल्यावर मात्र तिचे मोल कळते.

२००२ : एक बोचरा प्रश्न

शालेय मंडळाच्या अनुभवानंतर स्वाती दांडेकर यांनी आयोवा विधिमंडळाच्या प्रतिनिधिगृहाची निवडणूक लढविण्याचे ठरविले. राज्यघटनेच्या अटी सोप्या होत्या. वय किमान २१ वर्षे, अमेरिकेचे नागरिकत्व, राज्यात एक वर्ष आणि मतदारसंघात साठ दिवस वास्तव्य. जन्म कोठला, हे घटना विचारत नव्हती. डेमोक्रॅटिक पक्षातर्फे त्या उभ्या राहिल्या.

घटनेने जे विचारले नाही, ते निवडणुकीने विचारले. प्रचाराच्या काळात त्यांच्या रिपब्लिकन प्रतिस्पर्धी उमेदवाराने लिहिलेला एक ई-मेल उजेडात आला. आपण आयोवात वाढत असताना, शाळेत राष्ट्रध्वजाला वंदन करीत असताना, ही बाई भारतात, जातिव्यवस्थेच्या छायेत वाढत होती. मग तिला येथील मूल्ये काय कळणार, आणि घटनेने दिलेल्या हक्कांची जाण तिला कशी असणार, असा त्या मजकुराचा आशय होता.

स्थलांतरित माणसाला हा प्रश्न नवा नाही. कधी तो उघड विचारला जातो, कधी नजरेतून. त्यावर संतापाने उत्तर देता येते किंवा गप्प बसता येते. तिसरेही एक उत्तर असते. ते उमेदवाराने द्यायचे नसते, शेजाऱ्यांनी द्यायचे असते. त्या ई-मेलवर वृत्तपत्रांतून टीका झाली आणि देशभर त्याची चर्चा झाली. नोव्हेंबर २००२ मध्ये मतमोजणी झाली तेव्हा स्वाती दांडेकर यांना सुमारे ५७ टक्के मते पडली होती. भारतात जन्मून अमेरिकेतील राज्य विधिमंडळात निवडून गेलेल्या पहिल्या काही महिलांमध्ये त्यांची गणना होते.

मते देणारे बहुसंख्य लोक भारतीय नव्हते, ही येथे सर्वांत महत्त्वाची बाब आहे. त्या मतदारसंघात भारतीयांच्या मतांवर कोणीही निवडून येणे शक्य नव्हते. मत पडले ते सहा वर्षे शाळेचे अंदाजपत्रक तपासणाऱ्या ओळखीच्या बाईंना.

विधिमंडळ, वीज आणि विकास बँक

आयोवाच्या प्रतिनिधिगृहात १०० सदस्य असतात आणि मुदत अवघी दोन वर्षांची असते. निवडून आल्याचा आनंद ओसरतो न ओसरतो तोच पुन्हा लोकांच्या दारी जावे लागते. २००४ आणि २००६ मध्ये स्वाती दांडेकर पुन्हा विजयी झाल्या. २००८ साली त्या ५० सदस्यांच्या राज्य सिनेटवर निवडून गेल्या; तेथे त्यांनी वाणिज्य समितीचे अध्यक्षपद सांभाळले.

२०११ मध्ये त्यांच्या वाटचालीत एक अवघड वळण आले. रिपब्लिकन पक्षाचे गव्हर्नर टेरी ब्रॅनस्टॅड यांनी त्यांना राज्याच्या वीज, वायू व अन्य लोकसेवांचे नियमन करणाऱ्या तीन सदस्यांच्या मंडळावर येण्याचे निमंत्रण दिले. त्या वेळी सिनेटमध्ये त्यांच्या पक्षाचे बहुमत २६ विरुद्ध २४ असे निसटते होते. त्यांनी जागा सोडली तर ते धोक्यात येणार, हे उघड होते. त्यांनी निमंत्रण स्वीकारले आणि स्वपक्षीयांचा रोष पत्करला. नोव्हेंबर २०११ मधील पोटनिवडणुकीत ती जागा त्यांच्याच पक्षाने राखली, त्यामुळे वादळ शमले. सार्वजनिक जीवनात प्रत्येक निर्णयावर टाळ्याच पडतात असे नाही, याचा हा दाखला.

पुढे २०१३ साली नियामक मंडळाचे पद सोडून त्या अमेरिकी संसदेच्या निवडणुकीच्या रिंगणात उतरल्या. जून २०१४ मध्ये पक्षांतर्गत फेरीतच त्यांचा पराभव झाला. त्या फेरीत पाच उमेदवार होते आणि त्यांत बॉस्नियातून निर्वासित म्हणून आलेली एक तरुण आमदारही होती. ज्या राज्यात बारा वर्षांपूर्वी एका उमेदवाराचा जन्म कोठला यावर वाद माजला होता, तेथे आता परदेशात जन्मलेल्या दोन स्त्रिया एकाच जागेसाठी मते मागत होत्या. हार-जीत बाजूला ठेवली तरी हा बदल लहान नव्हता.

पराभवानंतरही त्यांचे सार्वजनिक कार्य थांबले नाही. अध्यक्ष बराक ओबामा यांनी आशियाई विकास बँकेच्या संचालक मंडळावर अमेरिकेच्या कार्यकारी संचालक म्हणून त्यांची निवड केली. १९६६ साली स्थापन झालेल्या, मनिला येथे मुख्यालय असलेल्या या बँकेत अमेरिका आणि जपान हे सर्वांत मोठे भागधारक आहेत, तर भारत तिचा संस्थापक सदस्य आणि मोठा कर्जदार. रस्ते, वीज, पाणीपुरवठा यांसाठी भारतातील अनेक राज्यांना या बँकेचे अर्थसाहाय्य मिळाले आहे. नागपुरात जन्मलेली आणि शालेय मंडळावर अंदाजपत्रकाचा पहिला धडा गिरविलेली स्त्री आशियातील कर्जप्रस्तावांवर अमेरिकेच्या वतीने मत देऊ लागली.

आधी मळलेल्या वाटा

स्थानिक पदापासून सुरुवात करण्याचा हा मार्ग स्वाती दांडेकर यांच्या आधीही काहींनी चोखाळला होता. पंजाबातून १९२० साली अमेरिकेस गेलेले दलीपसिंग सौंद यांनी गणितात डॉक्टरेट मिळविली. पण भारतीयांना त्या काळी नागरिकत्व मिळत नसल्याने त्यांनी कॅलिफोर्नियात शेती केली. १९४६ च्या कायद्याने दार उघडले आणि १९४९ मध्ये ते नागरिक झाले. १९५० साली आपल्या छोट्या गावात ते न्यायाधीश म्हणून निवडून आले, परंतु नागरिकत्वाला वर्ष पूर्ण झाले नव्हते म्हणून ती निवड रद्द ठरली. त्यांनी १९५२ मध्ये पुन्हा निवडणूक लढवून तेच पद मिळविले. १९५६ साली ते अमेरिकी संसदेत निवडून जाणारे पहिले भारतीय ठरले.

मराठी आडनावाचे कुमार बर्वे यांचा जन्म अमेरिकेतलाच. मेरिलँड राज्याच्या विधिमंडळात ते १९९० साली निवडून आले आणि पुढे अनेक वर्षे सभागृहातील बहुमताच्या पक्षाचे नेते होते. आयर्लंडचे लिओ वराडकर यांचे वडील डॉक्टर. मालवण तालुक्यातील वराड हे त्यांचे गाव. लिओ यांनी १९९९ साली डब्लिनलगतच्या फिंगल परगणा परिषदेची निवडणूक लढविली, तेव्हा ते विद्यार्थी होते आणि हरले. २००३ मध्ये त्याच परिषदेवर त्यांची रिक्त जागेवर निवड झाली, २००४ मध्ये ते मोठ्या मताधिक्याने निवडून आले, आणि २०१७ साली आयर्लंडचे पंतप्रधान झाले. वराडच्या ग्रामस्थांनी त्या दिवशी आनंद साजरा केला. पण त्या आनंदाचा पाया गटारे, पदपथ आणि घरबांधणी यांवर चर्चा करणाऱ्या एका परगणा परिषदेत घातला गेला होता.

आपल्या शहरातील आपण

या साऱ्याचा बंगळूर, पुणे किंवा हैदराबाद येथे नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबाशी संबंध काय? तो असा, की देशांतर्गत स्थलांतर करणाऱ्याला नागरिकत्वाची वाट पाहावी लागत नाही. सौंद यांना ज्यासाठी एकोणतीस वर्षे थांबावे लागले, ते भारतीय नागरिकाला काही आठवड्यांत साध्य होते. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० प्रमाणे माणूस जेथे सामान्यतः राहतो तेथील मतदार यादीत त्याचे नाव असावे. घर स्वतःचे असो वा भाड्याचे. मूळ गावी केवळ घर आहे म्हणून तेथील मतदार राहण्याचा हक्क मिळत नाही, आणि एकाच वेळी दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही. नव्या मतदारासाठी नमुना ६ आणि पत्ता बदलण्यासाठी नमुना ८ भरावा लागतो.

महापालिकेची निवडणूक लढविण्यासाठी २१ वर्षे वय पूर्ण असावे लागते आणि त्या शहराच्या मतदार यादीत नाव असावे लागते. जन्मगावाची अट तेथेही नाही.

शासकीय सेवकांसाठी मात्र मर्यादा आहेत. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना १९६४ च्या वर्तणूक नियमांनुसार विधिमंडळाची वा स्थानिक संस्थेची निवडणूक लढविता येत नाही, प्रचारही करता येत नाही. राष्ट्रीयीकृत बँकांतील अधिकाऱ्यांच्या वर्तणूक नियमांतही तसेच बंधन आहे. जनतेच्या पैशाचा आणि कामाचा विश्वस्त पक्षातीत दिसला पाहिजे, हे त्यामागील तत्त्व आहे. मतदानाचा हक्क मात्र अबाधित असतो. आपले मत कोणाला, हे जाहीर न करता तो बजावता येतो. निवडणुकीचा विचार सेवानिवृत्तीनंतर करता येतो. अनेक सनदी व पोलीस अधिकाऱ्यांनी तो केलाही आहे.

सेवेत असलेल्यांच्या कुटुंबीयांना, आणि इतर सर्व नागरिकांना, आयोवातील शालेय मंडळाच्या जवळ जाणारे एक दार आजही खुले आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांमध्ये व्यवस्थापन समितीची तरतूद केली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा दंडक आहे. सरकारी शाळेत समितीने विकास आराखडा तयार करायचा असतो आणि अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवायचे असते. तीन लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांसाठी ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्यांची तरतूद केली. गृहनिर्माण संस्था आणि रहिवासी संघ तर घराच्या उंबरठ्यापाशीच आहेत. ही कामे बिनपगारी आणि बहुधा बिनकौतुकाची असतात, पण लोकशाहीची पहिली इयत्ता तीच.

या दाराकडे पाठ फिरविल्याची किंमतही शहराला मोजावी लागते. ऑगस्ट २०१५ मध्ये १९८ प्रभागांच्या बंगळूर महापालिकेसाठी मतदान झाले, तेव्हा निम्म्या मतदारांनीही मत दिले नाही. सप्टेंबर २०२० मध्ये त्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढील पाच वर्षे निवडणूक झालीच नाही. एक कोटीहून अधिक लोकांचे हे महानगर त्या काळात प्रशासकांच्या हाती राहिले. २०२५ साली जुन्या महापालिकेच्या जागी पाच महापालिका अस्तित्वात आल्या. रचना बदलता येते, सीमा नव्याने आखता येतात. परंतु रस्त्यावरील खड्डा, बंद पडलेला दिवा आणि वाहून जाणारे पाणी यांची तक्रार कोणाकडे करायची हे ठाऊक असलेला, आणि ती करण्याची चिकाटी असलेला रहिवासी कोणत्याही कायद्याने तयार होत नाही.

नव्या गावाची भाषा शिकणे ही या वाटेवरील पहिली पायरी. बंगळुरात चार वाक्ये कन्नडमधून बोलणाऱ्याला भाजीवाल्यापासून प्रभाग कार्यालयापर्यंत वेगळी वागणूक मिळते, हा तेथे राहिलेल्या मराठी कुटुंबांचा नेहमीचा अनुभव आहे. मायबोली त्यामुळे उणी होत नाही. घरात मराठी, दारात कन्नड आणि कचेरीत इंग्रजी अशी तीन घरांची किल्ली हाती असलेली मुले या शहरात वाढत आहेत.

‘तू इथली नाहीस, मग तुला इथले काय कळणार?’ हा प्रश्न २००२ साली आयोवातील एका मराठी स्त्रीला विचारला गेला. शाळेच्या सभांना सहा वर्षे न चुकता केलेले काम तिच्या आधीच मतदारांच्या दारी पोहोचले होते. उत्तर त्यानेच दिले. नव्या शहरात घर करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला असे काम हाताशी मिळते. मतदार यादीत नाव घालणे हा त्याचा आरंभ, आणि त्यासाठी लागतो तो एक अर्ज.